कोरडी पट्टी

"सारखी रडते हो," भुरी कुत्रीला टेबलावर ठेवता ठेवता बाई म्हणाली. "आमची थोरली लेक गेली तेव्हापासून हिच्या डोळ्यांचं पाणी खळलेलं नाही."

डॉक्टरांनी भुरीची हनुवटी तळहातावर घेतली आणि तिचं तोंड दिव्याकडे वळवलं. भुरीने डोळे घट्ट मिटले. डोळ्यांखालचे केस चिकटून त्यांच्या जटा झाल्या होत्या. बोटाने पापणी उघडली, तेव्हा पिवळट चिकट तारा ताणल्या गेल्या.

"घरीही उजेडाला अशीच तोंड फिरवते?"

"दिवा लावला की उठून जाते. थोरलीच्या खोलीत, पलंगाखाली अंधारात पडून असते. ओढून बाहेर काढली तरी परत तिथेच."

"तोंड कुठे घासते का?"

बाईने दाराशी पट्टा धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. बघा, डॉक्टरांना न सांगता कळलं, असं त्या नजरेत होतं. "थोरलीच्या उशीवर. उशीत तोंड खुपसते नि घुसळत राहते. तिचा वास शोधते बिचारी. म्हणून अभ्रा मी धुवायलाच टाकलेला नाही."

"मी म्हणत होतो, एकदा दाखवून आणू," नवरा म्हणाला.

"हे म्हणत होते! ह्यांचं म्हणजे, काही बिघडलं की बोलवा मेस्त्री. दुःखावर कधी औषध असतं का? माणसांचे डोळे राहिले कोरडे ठणठणीत आणि ह्या मुक्या जिवाला तेवढं कळलं. मी तर शेजारणींना बोलावून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हिला बघून."

नवऱ्याने पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे धुऊन पुसून घेतले आणि कागदाची एक बारीक पट्टी काढली. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवलं. डोळ्यात पाणी असलं की कागद वरून खाली भिजत जातो. डॉक्टर वाट बघत राहिल्या. पट्टी तशीच पांढरी राहिली. डाव्या डोळ्यात दुसरी लावली. ती टोकाशी थोडी ओलावली आणि थांबली.

मग त्यांनी उजव्या डोळ्यात जखम हिरवी दाखवणाऱ्या रंगाचा थेंब टाकून निळा दिवा धरला. बुबुळावर एक खड्डा होता. खड्ड्याच्या कडा हिरव्यागार झाल्या. तळ काळाच राहिला. तो रंगला असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. रंग न धरणारा तळ म्हणजे बुबुळाचा उरलेला शेवटचा पापुद्रा, आणि तो पापुद्राही एका जागी फुटला होता. त्यांनी दिवा बंद केला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ हात धुतले.

"हिच्या डोळ्यांत पाणी बनायचंच थांबलंय," त्या म्हणाल्या.

"असं कसं? गालावर ओघळ दिसतायत की."

"ते अश्रू नाहीत. डोळा कोरडा पडला की स्वतःला वाचवायला हा चिकट स्राव सोडतो. बघणाऱ्याला वाटतं, डोळा वाहतोय."

"पण ती रडत होती."

"दुःख कुत्र्यांनाही होतं. पण त्यानं त्यांचे डोळे वाहत नाहीत. उजेड टोचत होता, म्हणून ती पलंगाखाली जायची. आणि उशी…" डॉक्टर थांबल्या. पण आता अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता. "डोळा खुपत होता. म्हणून घासत होती."

बाई पट्टीकडे बघत होती. ट्रेमध्ये ती पांढरी स्वच्छ पडली होती.

"दुखत होतं तिला?"

"हो."

"इतके दिवस?"

"हो. हळूहळू वाढत गेलं असणार."

"आणि मी बायकांना बोलावून बोलावून दाखवत होते."

बाहेर बसलेलं कुणाचं तरी मांजर टोपलीतून ओरडत होतं.

"मलाही वाटलं होतं गं, ती रडतेय," नवरा म्हणाला.

"माझी समजूत घालायला खोटं बोलू नका."

"खोटं नाही. तू स्वयंपाकघरात असलीस की मी जाऊन बसायचो तिच्याजवळ. खाली, फरशीवर."

बाईने त्याच्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी मग पुढचं सांगितलं. उजवा डोळा वाचणार नाही, तो आजच काढावा लागेल. डाव्यात पाणी यावं म्हणून एक मलम आहे, ते सकाळ-संध्याकाळ लावायचं, आणि अधूनमधून साधे थेंब. ते ती असेपर्यंत चालू ठेवायचं. एका डोळ्यावर कुत्री छान राहतात, पंधरवड्यात घरभर फिरायला लागेल.

"काढल्यावर दुखायचं थांबेल?" बाईने एवढंच विचारलं.

"थांबेल."

"मग काढा."

सुई टोचण्यासाठी डॉक्टर भुरीच्या पुढच्या पायावरचे केस भादरू लागल्या. भुरी चुळबुळली नाही, कण्हलीही नाही. पाय पुढे करून बसून राहिली. तिला एवढ्या शहाण्यासारखं बसलेलं पाहून बाईचा इतका वेळ ताठ असलेला चेहरा एकदम रडवेला झाला. ती खाली वाकली आणि आपलं तोंड भुरीच्या कानाशी नेलं.

"थोरलीनंही नाही सांगितलं, तूही नाही. दोघींपैकी एकीनं तरी सांगायचं ना गं मला, दुखतंय म्हणून."

भुरीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. तिची शेपटी टेबलाच्या पत्र्यावर एकदा वाजली, मग पुन्हा वाजली.