गुंडाची अर्धी चाल

कराडच्या वरातींत बँडवाला गुंडा क्लॅरिनेटवर आपली चाल वाजवायचा, पण शेवटचा सूर मुद्दाम सोडायचा. म्हणायचा, "पुरी ऐकली की लोक इसरत्यात. अर्धी डोक्यात घिऊन जात्यात."

गुंडा मेला. पण त्याच्याशी जन्मभर दावा मांडलेल्या, दुसऱ्या बँडातल्या लालासाहेबाच्या डोक्यातनं ती चाल हटेना. घास गिळताना तीच, दाढी करताना तीच.

"मेला तरी छळतोय भाड्या. आज पुरीच करतो," म्हणत भर दुपारी त्यानं आपली क्लॅरिनेट काढली.

"आवं, मेलेल्याशी कसलं भांडण?" बायको साळूबाई म्हणाली.

त्यानं शेवटचा सूर लावला. डोकं एकदम रिकामं झालं. समाधानानं त्यानं क्लॅरिनेट खाली ठेवली.

सूर वाजतच राहिला.

साळूबाई भिंतीला टेकली. "आवं, तोंड मिटा."

त्याचं तोंड मिटलेलंच होतं.