डावीकडचं घड्याळ

माल्टातल्या बिर्गू बंदराच्या चर्चवर दोन घड्याळं आहेत. उजवीकडचं खरं आणि डावीकडचं नुसतं चितारलेलं, म्हणजे सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळायला नको. त्यामुळे एका लाल दाढीवाल्या पाहुण्याने "मावशी, यातलं बरोबर कुठलं हो?" असं गोड आवाजात विचारलं, तेव्हा चेन्सामावशीच्या कपाळावर आठी पडली. हे विचारायची गरज जगात एकालाच!

"डावीकडचं रे बाळा," तीही तितक्याच गोडीने म्हणाली, आणि तो वळताच तिने छातीवर क्रूस काढला.

संध्याकाळी भाचा नेनू उड्या मारतच आला.



"मावशी, तुझ्या माडीवरच्या खोलीला अखेर भाडेकरू मिळाला! लाल दाढीवाला आहे, कुणीतरी चुकीची वेळ सांगितली म्हणून बिचाऱ्याची बोट चुकली. मी किल्लीही देऊन टाकली."