जावयाचा मान

पंगत अडली होती. पळसाच्या पत्रावळींवर भात वाढून झाला, वरण झालं, वांग्याच्या भाजीची बकेट मांडवात येऊन थांबली. पण नवा जावई पत्रावळीला हात लावत नव्हता. त्याचा यात काही दोष नव्हता. पहिला घास जावयाचा, आणि त्यासाठी त्याला कुणीतरी विनवावं लागतं. नवरीचा बाप नसला की ते काम मामाचं. नवरीचा मामा परसराम मात्र मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तोंड मिटून.

"परसराम, म्हण ना गा," पुंडलिकराव म्हणाले. ते नवरीचे थोरले काका. सकाळपासून सगळं लग्न त्यांच्याच अंगावर होतं. "जावईबापू, पयले तुम्ही, येवढंच म्हणाचं हाये. भात थंडा होऊन राहिला."

परसरामाने खांब घट्ट धरला.

चुलीपाशी उभ्या असलेल्या धुरपताच्या अंगाचा तिळपापड झाला. ती नवरीची आई आणि परसरामाची मोठी बहीण. पाच वर्षं ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती. मामाशिवाय नवरीला मांडवात कोण आणेल, असं म्हणत चार बुजुर्ग मागे लागले, तेव्हा कुठे तिने दुसऱ्याच्या हाती निरोप धाडला होता. आणि आला तर हा असा दगडासारखा उभा.

तिच्या नवऱ्याला, यादोरावला, मानाचं भारी वेड. माणूस सोन्यासारखा, पण सासरी गेला की नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एकोडीला, त्याच्या सासरी, परसरामाच्या पोराचं बारसं होतं. कामाच्या गडबडीत परसराम त्याला आधी न विनवताच जेवायला बसला. झालं. यादोराव भरल्या पंगतीतून उठला आणि उपाशीपोटी पायी सानगडीला आपल्या घरी आला. वर्षभर त्याने एकोडीचं नाव काढलं नाही. लोकांना हसू यायचं, धुरपता मात्र दोन घरांच्या मध्ये रडकुंडीला यायची.

शेवटी तिनेच जुळवून आणलं. यादोराव जंगलात तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडावर हिशेब ठेवणारा मुन्शी होता. या हंगामात त्याने मेव्हण्याला सोबत कामाला न्यावं, असं ठरलं. दोघं निघाले त्या सकाळी तिने उंबऱ्यात उभं राहून भावाला बजावलं, "भाऊजीचा मान ठेवजो. काई बी असो, पयले त्यायले म्हणजो, मंग तू." परसराम हसत हो म्हणाला. यादोराव मिशीतल्या मिशीत खूश झाला.

त्याच हंगामात जंगलातले बंदूकवाले फडावर चालून आले. त्यांनी पत्त्याचे ढीग पेटवले, चौकीदाराला सगळ्यांसमोर गोळी घातली आणि या दोघांना ओलीस धरून नेलं. ठेकेदाराला खंडणीचा निरोप गेला. ठेकेदाराने कानावर हात ठेवले. पोलीस जंगलात शिरले तेव्हा यादोराव नाल्याकाठी मरून पडला होता, आणि परसराम वरच्या अंगाला एका झाडाला बांधलेला, जिवंत. आधी एकाला नेलं, दुसऱ्याची पाळी यायच्या आत जीप वाजली आणि बंदूकवाले पळाले. एवढं साऱ्या तालुक्याला कळलं.

धुरपताने तेव्हा भावाला एकच विचारलं होतं, "तुम्ही दोघं होते. तेच पयले कसे गेले?" तो जमिनीकडे पाहत राहिला. त्याने दिलं नाही ते उत्तर मग लोकांनी दिलं. परसरामाने भाऊजीला पुढे ढकललं आणि आपला जीव वाचवला. परसरामाने तेही खोडलं नाही. एकोडीची वाट तुटली. आई गेली तेव्हा धुरपता मातीला गेली, पण भावाच्या घरचं पाणीसुद्धा न पिता परतली.

आता ती पदर खोचून मांडवात आली, तशीच भाताचं टोपलं हातात धरून.

"बापाच्या जागी उभं केलं तुले," ती म्हणाली. "दोन शब्द बोलाले तुही जीभ उचलत नाही काय?"

परसरामाने खांब सोडला नाही. तो बोलला ते फक्त तिला ऐकू जावं इतक्या हळू.

"एकदा म्हटलो होतो, बाई. बंदूकवाले म्हणत, एकाले आज सोडतो, एकाले उद्या. कोण पयले जाते? मले खरंच वाटलं, घरी सोडून राहिले. मी म्हटलो, भाऊजी, पयले तुम्ही. भाऊजी हासत उठले. म्हणे, आता शिकला तू मान ठेवाले."

धुरपताने टोपलं कमरेवर घेतलं.

"तवाच काहून नाही सांगतलं?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला तो उंबरा आठवला. उंबऱ्यात उभी राहून भावाला बजावणारी ती स्वतः आठवली. परसराम पुन्हा जमिनीकडे पाहत होता, अगदी त्या दिवशीसारखा. पाच वर्षं त्याने स्वतःला भेकड म्हणवून घेतलं होतं, आणि तिचं ते बोलणं तिच्यापर्यंत परत येऊ दिलं नव्हतं.

तिने त्याचा दंड धरला. लहानपणी जेवायला बसवायची तसं त्याला नेऊन जावयाच्या शेजारी बसवलं, पत्रावळ मांडली, आपल्या हाताने भात वाढला. सगळी पंगत तिच्याकडे पाहत होती. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.

"आज कोणी पयले नाही," ती म्हणाली. "सगळे संगच हात घाला."