नावं ठेवलेल्या कुंड्या

महिन्याभरात कुंड्यांतली झाडं तरारून दाखवायची, ही सासूबाईंशी लावलेली पैज जिंकली तर जावयाला त्यांच्या खोलीतली उन्हाची खिडकी मिळणार होती, आणि हरायचा त्याचा मुळीच विचार नव्हता.

त्यानं चार कुंड्यांत चार सेन्सर खोचले. माती सुकली किंवा ऊन कमी पडलं, की मोबाइल सांगणार. मोबाइलमध्ये त्यानं कुंड्यांना घरातल्यांचीच नावं दिली. निवडुंग अर्थातच ‘सासूबाई’.

“नावं ठेवायची सवय तुमची जुनीच, जावईबापू,” खिडकीतल्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

महिन्याभरात झाडं अशी तरारली, की सासूबाईंनी मुकाट्यानं खुर्ची हलवली. जावई मिशीत हसत कुंड्या खिडकीत मांडू लागला. तेवढ्यात मोबाइल वाजला.

‘जावई : माती कोरडी. पाणी द्या.’

“वा! मलाही नाव ठेवलंत?” त्यानं सासूबाईंना विचारलं.

“मला तो मोबाइल उघडता तरी येतो का?”

त्यानं कुंड्या पाहिल्या. ‘जावई’ नावाची एकही नव्हती. घसा मात्र खरंच कोरडा पडला होता. तो ग्लासभर पाणी घटाघटा प्यायला.

‘जावई : ओलावा पुरेसा.’

त्याला हसू आलं, पण अर्धंच.

‘जावई : ऊन कमी. खिडकीत हलवा.’

“काहीतरी बिघडलंय यात,” म्हणत तो दाराकडे निघाला. पाय मात्र खिडकीकडे गेले.

सासूबाईंचं गेलं ते खुर्चीपुरतं ऊन. पैजेची बाकी सगळी किंमत जावयानं मोजली. संध्याकाळी बायकोनं दारातून हाक मारली, तेव्हा तो कुंड्यांशेजारी उभा होता, आणि त्याची मान हळूहळू, काचेबाहेरच्या उरल्यासुरल्या उन्हाकडे वळत होती.