निरंक ठाणं

“लय मारू नका. आता जो पहिला येईन त्याले एक ठेवून द्या, अन् त्याच्याकडून तक्रार लिहून घ्या,” ठाणेदार गोपाळराव म्हणाले. “पाच वाजेपर्यंत.”

हवालदार ताराचंदने घड्याळाकडे पाहिलं. साडेचार झाले होते.

घोळ कायद्याने केला होता. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पोलिसांना संयम शिकवण्यासाठी निधी देणारा कायदा मंजूर झाला. मंजूर होताना सभागृहात कागद फाटले, एक माईक तुटला आणि दोन आमदारांना बाकांवरून खाली उतरवावं लागलं. पण संयमाचं महत्त्व सगळ्यांनाच पटलं. मग परिपत्रक आलं. ज्या ठाण्याच्या पोलिसांविरुद्ध मारहाणीच्या तक्रारी जास्त, त्याला निधी आधी; आकडा आज पाचपर्यंत कळवायचा. एसी हॉल, प्रोजेक्टर, पुण्याहून येणारे तज्ज्ञ. शेजारच्या ठाण्याच्या चौदा तक्रारी होत्या. तिथले ठाणेदार हॉलच्या पडद्यांचा रंगही ठरवून बसले होते.

या ठाण्याच्या रकान्यात मात्र अकरा वर्षं एकच शब्द होता, निरंक. शून्याला सरकारदरबारी असं भारदस्त नाव आहे.

त्याला कारण ताराचंद. अकरा वर्षांत गोपाळराव धरून सात ठाणेदार झाले, ताराचंद तिथंच राहिला. कोणी तापलेला माणूस दिसला की त्याला ताराचंदच्या बाकावर आणून बसवत. ताराचंद त्याला माठातलं पाणी देई. कोण्या गावचे, जेवले का, असं विचारी आणि मग नुसता ऐकत बसे. अर्ध्या तासात माणूस “जाऊ द्या साहेब” म्हणून घरी जाई. ताराचंदने उभ्या नोकरीत कोणावर हात उगारला नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि सेवापुस्तकावर एक डाग नव्हता. याच एका गोष्टीचा त्याला मनापासून अभिमान होता.

“साहेब, माह्या नावावर तक्रार?” त्याने विचारलं.

“मंग कोणाच्या? तुमचे चार महिने राहिले. आमची सारी नोकरी पडली आहे. ठाण्यासाठी एवढंही नाही करत का?”

तेवढ्यात दारात जागेश्वर येऊन उभा राहिला. मूळचा उमरेडचा, विणकरांच्या घरचा, आता नागपुरात ऑटो चालवणारा. त्याचा मोबाईल हरवला होता. नवं सिम घ्यायला अर्जावर ठाण्याचा ठप्पा हवा होता. सकाळपासूनची ही त्याची तिसरी खेप.

गोपाळरावांनी डोळ्यांनीच खूण केली. ताराचंदने उजवा हात उचलला. हात खांद्यापर्यंत गेला.

“नमस्कार साहेब,” जागेश्वर म्हणाला.

ताराचंदचा डावा हात आपसूक वर आला आणि उजव्याला जाऊन मिळाला. नमस्कार झाला.

गोपाळरावांनी कपाळावर हात मारून घेतला. फोन वाजला. वरच्या कार्यालयातून आकडा मागत होते. “देतो सर, भरूनच राहिलो,” म्हणत त्यांनी फोन आपटला.

“साहेब, ठप्पा कवा मिळन?” जागेश्वरने विचारलं.

गोपाळरावांचा हात सुटला. असा आवाज झाला की बाहेरच्या खोलीतले दोन शिपाई उठून उभे राहिले.

पुढचं सगळं ताराचंदच्या हातापायांनी केलं, त्याला विचार करावा लागला नाही. जागेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून त्याने त्याला बाहेर बाकावर नेलं, माठातलं पाणी दिलं. कोण्या गावचे विचारलं, जेवले का विचारलं. जागेश्वर सांगत राहिला. मोबाईलमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर होते, शाळेत जाणारी पोरं ठरलेली होती, दोन दिवस धंदा नव्हता. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. गाल मात्र लालच होता.

“जाऊ द्या साहेब,” तो म्हणाला. “माहीच चूक झाली असन. काही तक्रार नाही.”

ताराचंदला लाज वाटली. असा गाल त्याने किती वेळा पाहिला होता! त्याच्या बाकावर आलेली माणसं काही रस्त्यावरच्या भांडणातून तापून आली नव्हती. ती साहेबांच्या खोलीतून आली होती. सातही साहेबांच्या. मारायचं काम त्यांनी केलं आणि पुसायचं याने. अकरा वर्षांचं निरंक ते एवढंच.

त्याने रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. जागेश्वरच्या हातात कोरे कागद आणि पेन दिलं.

“लिहा भाऊ.”

“कोणाचं नाव लिहू?”

“ज्याचा हात लागला, त्याचं.”

गोपाळराव दारात आले होते. त्यांचा चेहरा खुलला. “वा ताराचंद! भेटली ना तक्रार! लिहू द्या त्याले, टाकू द्या तुमचं नाव.”

“माहं नाही साहेब,” ताराचंद म्हणाला. “तो खरं लिहून राहिला.”

जागेश्वरने गोपाळरावांच्या खिशावरची नावाची पट्टी नीट पाहून घेतली आणि लिहायला लागला.

आत फोन पुन्हा वाजू लागला. कोणी उचलला नाही. गोपाळराव स्वतः माठाकडे गेले, स्वतः पेला भरला आणि बाकावर जागेश्वरच्या शेजारी अंग चोरून बसले. निधी आला नव्हता, हॉल झाला नव्हता, पुण्याचे तज्ज्ञ पुण्यातच होते. तरी साहेबांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता.

“पाणी घ्या भाऊ. कोण्या गावचे तुम्ही? जेवले का?”

“उमरेडचा,” जागेश्वर म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.