शेजारची जागा

सात वर्षं नवरा घरामागच्या शेडमध्ये जुन्या ढंगाची मोटार स्वतःच्या हाताने घडवत होता, आणि सात वर्षं ती त्या मोटारीच्या नावाने बोटं मोडत होती. शेडकडे तिने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. “मेले तरी तुमच्या त्या डबड्यात बसायची नाही!” हे रोजचं, बेसिनमधलं ग्रीस घासताना.

आज इंजिन पहिल्यांदा धडधडलं, तेव्हा मात्र तिला राहवेना. ठेवणीतले कपडे घालून, केसांना रुमाल बांधून ती शेडमध्ये आली.

“चला, फिरवून आणा एकदाचं,” ती फणकाऱ्यानेच म्हणाली.

त्याने हात पुसले आणि तिच्या बाजूचं दार उघडलं.



आत सीट एकच होती. शेजारच्या जागेवर त्याने चार बोल्ट आवळून स्टेपनी बसवली होती.