आठशे मीटरवरची साडी

“आठशेच्या आत,” नामानं फोनवर सांगितलं. “साडी दिसत न्हाय.”

हवामानाच्या खोलीतून मृणाल म्हणाली, “नामाकाका, यंत्र पंधराशे मीटर दाखवतंय. वर विमान घिरट्या घालतंय. परत बघा.”

नामानं परत बघितलं, तरी साडी दिसेना. धावपट्टीच्या टोकाशी उभं राहून किती लांबचं दिसतं ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याचा आणि यंत्राचा आकडा जुळल्याशिवाय विमान उतरवायचं नाही, असा तिथला नियम. चारशेवर मिठागराची शेड, आठशेवर त्याचंच घर, पंधराशेवर देवळाचा कळस. घर पांढरं, धुक्यात विरून जायचं. म्हणून तो गच्चीवर वाळत घातलेल्या बायकोच्या लाल साडीवर नजर लावायचा.

मृणालला ही खूण पसंत नव्हती. बदलीवर आली त्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, “खूण कायमची हवी, काका. काकू गावाला गेल्या तर?”

“ठमा कुठं जात न्हाय.”

“आजारी पडल्या तर?”

“आता न्हाय पडत.” नामा हसला होता. “आन् रोज लालच. दुसरा रंग तिला चालतच न्हाय.”

“बघू. एक दिवस जरी चुकली, तर खूण खोडणार.”

“खोडा की मॅडम. तुमचं यंत्र बंद पडंल, साडी न्हाय पडायची!”

आजची सकाळ खरं तर छान गेली होती. बऱ्याच दिवसांनी नामाला उजाडेपर्यंत गाढ झोप लागली. उठून त्यानं भाकरी थापली, सुकटीची चटणी डब्यात भरली, दाराला कुलूप घालून चावी खिशात टाकली आणि गुणगुणत सायकल काढली. हात कोरडे, उबदार होते. हँडल धरताना रोजच्यासारखी बोटं गारठली नाहीत.

एवढ्यात मृणाल जीपमधून स्वतःच धावपट्टीवर येऊन थडकली.

“साडीपायी विमान परत जाईल, काका! तो कळस बघा.”

नामानं बघितलं. साडीच्या पलीकडे बघायची त्याला सवयच नव्हती. कळस दिसत होता. त्याच्या अलीकडे पुसटशी गच्ची, गच्चीवर दोरी. दोरी रिकामी.

“पंधराशे,” तो हळूच म्हणाला. “चूक माझी. कळवा लगेच.”

तिनं कळवलं. थोड्या वेळानं विमान उतरलं, आणि मृणालचा रागही.

“काकूंना बरं नाही का?” तिनं काळजीनं विचारलं. “घरी जाऊन या. मी थांबते इथं.”

नामा रिकाम्या दोरीकडे बघत होता. मग हसला, अगदी मोकळा.

“खोड ती खूण, बाय. ती गेली तवापासून साडी मीच भिजवून वाळत घालतोय. आज पयल्यांदा विसरलो.”